वजन उतरतं पण टिकत नाही? कार्डिओ कधी, किती आणि कोणत्या क्रमाने करायचा

दिवाळीचा फराळ संपला की जळगावात मेहरूण तलावाच्या ट्रॅकवर एकदम गर्दी होते, धुळ्यात पांझरेकाठी पण तेच. नवे कोरे शूज, कानात हेडफोन, पहिल्याच दिवशी धाप लागेपर्यंत पळणं. मग लग्नसराई येते, गर्दी अर्धी होते, आणि मार्च-एप्रिलचं ऊन तापलं की उरतात फक्त ती रिटायर्ड मंडळी जी गप्पा मारत मारत रोज तेवढंच चालतात आणि ज्यांचं वजनही वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच असतं.

बाकीच्यांचं काय चुकतं? लगेच आळशी म्हणून मोकळं होऊ नका, बहुतेक वेळा क्रम चुकतो. लोक वजन उतरवायचं सगळं ओझं कार्डिओवर टाकतात आणि वजन उतरलं की तोच कार्डिओ बंद करतात. पाहिजे बरोबर उलटं. वजन उतरतं मुख्य करून ताटातून, कार्डिओ त्याला हातभार लावतो, पण उतरलेलं वजन दोन वर्षांनी जागेवर राहील का यात कार्डिओचा वाटा फार मोठा. म्हणजे लोक ज्या दिवशी बूट कपाटात टाकतात त्या दिवसापासूनच त्याची खरी गरज लागते.

(कार्डिओ म्हणजे फक्त ट्रेडमिल नाही भो. भरभर चालणं, सायकल, पोहणं, जिने चढणं, दोरीवरच्या उड्या, नाचणं, ज्याने श्वास आणि ठोके वाढतात आणि ते थोडा वेळ तरी वाढलेले राहतात ते सगळं कार्डिओ.)

सुरू करायच्या आधी हा हिशोब डोक्यात बसवा

८० किलोचा माणूस ४५ मिनिटं भरभर चालला तर साधारण २४० कॅलरी जळतात. पण त्यातल्या ६० तर तो खुर्चीत बसून राहिला असता तरी जळल्याच असत्या. म्हणजे चालण्याची निव्वळ कमाई १८०.

आता शेवभाजीच्या वाटीतली नुसती शेव पकडा, ५० ग्रॅम, तिच्यातच पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी. वरची तर्री वेगळी, एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. वरण-बट्टीवर धार धरून सोडलेल्या तुपाचा हिशोब तर मी मांडतच नाही.

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. १८० ने भागून बघा, ४२-४३ वेळा चालायला जावं लागेल, आणि तेही त्या काळात जेवण एका घासानेही वाढलं नाही तर. म्हणून "महिनाभर चालतोय, एक किलो पण कमी नाही" असं कुणी म्हटलं तर मला आश्चर्य वाटत नाही.

पण ताटातून रोज ३०० कॅलरी कमी केल्या (आठवड्याच्या २१००) आणि आठवड्यातून पाच दिवस ते ४५ मिनिटांचं चालणं ठेवलं (९००) तर आठवड्याला ३००० ची तूट पडते, कागदावर जवळपास ४०० ग्रॅम. प्रत्यक्षात थोडं कमीच उतरतं, ते का ते पुढे येईल. ताट आणि चालणं जोडीने चालवलं की हिशोब जमतो, नुसत्या एकावर फार थोड्यांचा जमतो.

टप्पा १: तयारी (एक आठवडा, अजून चालायचं नाही)

हा टप्पा सगळे उडवतात. उडवू नका.

१. डॉक्टर. वय चाळिशीच्या पुढे असेल, बीपी, शुगर, हृदयाचा त्रास असेल, घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आलेला असेल किंवा वजन खूपच जास्त असेल तर आधी दाखवून या. शुगरसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामाने शुगर एकदम खाली येऊ शकते, डोस आणि चालायची वेळ दोन्ही विचारून ठरवा, आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज कायम ठेवा.

२. कंबर मोजा. नुसत्या वजनावर जाऊ नका. टेप बेंबीच्या लेव्हलला, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्या भारतीय लोकांसाठी पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर म्हणजे धोक्याची घंटा. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे गेला की आपल्याकडे जास्त वजन धरतात, २५ च्या पुढे लठ्ठपणा.

३. वजन करायची एकच पद्धत ठरवा. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. आज मेडिकलच्या काट्यावर बुटासकट आणि उद्या मित्राच्या जिममध्ये दुपारी, असं केलं तर ते आकडे फेकून द्यायच्या लायकीचे.

४. आत्ता तुम्ही किती चालता ते बघा. फोनमध्ये पावलं मोजणारं अॅप असतंच. सात दिवस फोन खिशात ठेवा आणि नेहमीसारखं वागा, उगाच जास्त चालू नका. जो सरासरी आकडा येईल तो लिहून ठेवा, पुढे याच्यावर बरंच अवलंबून आहे.

५. बूट. भारी ब्रँड नको, पण टाचेला गादी आणि पुढे बोटांना जागा पाहिजे. सपाट चपलेवर किंवा सँडलवर ४५ मिनिटं चालून टाच धरली की दीड-दोन महिने गेले समजा. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.

तपासा: वजन, कंबर आणि सात दिवसांची सरासरी पावलं, तिन्ही आकडे कागदावर आहेत? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: आधी ताट, पाय नंतर (दोन आठवडे)

डाएट प्लॅन वगैरे नाही सांगत. घरात आहे तेच जेवण, फक्त तीन ठिकाणी हात आखडायचा.

पहिलं म्हणजे तेल-तूप-शेंगदाण्याचा कूट. खान्देशी स्वयंपाकात कॅलरी इथे लपलेली असते. वांगं बिचारं निरुपद्रवी आहे, पण भरीत करताना फोडणीत किती तेल गेलं ते बघा, आणि हिवाळ्यात मळ्यातली भरीत पार्टी असेल तर सोबत पुऱ्या पण असतात. त्याऐवजी कळण्याची भाकरी घ्या, ज्वारी आणि उडीद दोन्ही असल्याने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. महिन्याला घरात तेल किती येतं आणि माणसं किती, एवढं विचारलं तरी निम्मा उलगडा होतो.

दुसरं म्हणजे येता-जाता तोंडात टाकणं. शेव, केळी वेफर्स, फरसाण. जळगावचा माणूस केळ्याला "वजन वाढतं" म्हणून नाही म्हणतो आणि केळी वेफर्सचं पाकीट फोडतो. मध्यम केळ्यात साधारण १०० कॅलरी, १०० ग्रॅम वेफर्समध्ये पाचशेच्या पुढे. केळं खा.

तिसरं चहा. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे नुसत्या साखरेच्या १६० कॅलरी, तुमचं चालणं जवळजवळ तिथेच संपलं. साखर अर्धी करा, पंधरा दिवसांत जिभेला सवय होते.

आणि हे करताना डाळ, मठ-मूग, दही, अंडी, चिकन जे चालतं ते कमी करायचं नाही. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन मिळालं तर वजन उतरताना स्नायू कमी झिजतात. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टर सांगतील तो.

इशारा: पहिल्या आठ दिवसांत दीड-दोन किलो झपकन उतरलं तर पेढे वाटू नका. अंगातल्या साठवलेल्या साखरेसोबत, म्हणजे ग्लायकोजेनसोबत, पाणी धरलेलं असतं, एका ग्रॅमला जवळपास तीन ग्रॅम, ते आधी जातं. आणि रात्री शेवभाजी-पाव हाणली की सकाळी काटा एक किलो वर जातो तेही मुख्यतः पाणीच, घाबरून उपास धरायची गरज नाही.

टप्पा ३: चालणं वाढवा, पळणं नाही (तयारीचा आठवडा सोडून तिसरा ते नववा आठवडा)

सगळ्यात जास्त गाड्या इथे रुळावरून घसरतात त्यामुळे जरा निवांत वाचा.

सुरुवात २० मिनिटांची, आठवड्यातून पाच दिवस. पहिली पाच मिनिटं सावकाश, मग वेग, शेवटची तीन-चार मिनिटं परत सावकाश. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा, फक्त ५, अंगात कितीही जोर आला तरी. २० वरून ४५ ला पोचायला पाच वाढी लागतात, मध्ये एखादा आठवडा पाहुणे, ताप, परीक्षा, कापूस वेचणी यात जाईल तो आधीच धरून चाला, म्हणून मी सात आठवडे धरलेत.

वेग किती? घड्याळ-बेल्ट काही नको. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो बरोबर वेग. गाणं आरामात म्हणता येतंय तर तुम्ही फेरफटका मारताय. अर्धं वाक्यही बोलता येत नाही तर फार जोरात चाललात. पावलांत सांगायचं तर मिनिटाला १०० च्या आसपास मध्यम वेग सुरू होतो. नाडी बघायची हौस असेल तर २२० वजा वय हा जास्तीत जास्त ठोक्यांचा ढोबळ अंदाज, पण बीपीसाठी मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल असली गोळी चालू असेल तर ती गोळी ठोके वाढूच देत नाही, तिथे हा फॉर्म्युला फसतो आणि बोलण्याची चाचणीच खरी.

लगेच पळायचं का नाही ते सांगतो. महिन्या-दोन महिन्यांत दम वाढतो पण गुडघे, टाच, पोटरीचे स्नायुबंध इतक्या लवकर तयार होत नाहीत. दम आहे म्हणून माणूस पळतो आणि पाय बसतो. ९० किलोचा माणूस डांबरी रस्त्यावर पळायला लागला की तिसऱ्या आठवड्यात टाच धरून बसलेला सापडतो, मग "मला व्यायाम सूटच होत नाही" हे घरभर सांगत फिरतो.

आता या टप्प्यातल्या ठरलेल्या चुका.

सकाळी चाललो म्हणून दिवसभर लोळणं. ही सगळ्यात चोरटी चूक आहे, करणाऱ्याला कळतच नाही. सकाळी ४५ मिनिटं चालून आलेला माणूस दुपारी नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त झोपतो, कोपऱ्यावरच्या टपरीवर पण बाईकने जातो, पाण्याचा ग्लास पोराला आणायला सांगतो. घरात पैसा कमी आला की बाई जशी न बोलता इकडची तिकडची काटकसर करते तसं शरीर करतं. कागदावरच्या ४०० ग्रॅमचे प्रत्यक्षात कमी होतात ते यामुळे, आणि वाढलेल्या भुकेमुळे. म्हणून पहिल्या टप्प्यात पावलं मोजायला सांगितली होती. ४५ मिनिटं चालायला जाऊनही दिवसाची एकूण पावलं आधीच्या सरासरीपेक्षा तीन-चार हजारांनी वाढलेली दिसत नसतील तर सकाळचं चालणं दुपारी कुठेतरी गळतंय.

ट्रॅकवरून थेट नाश्त्याच्या गाडीवर. चार जण मिळून चालतात आणि मग पोहे, कचोरी, वर कट. संगत सोडू नका, संगतीनेच माणूस टिकतो, गाडी बदला. नाहीतर घरी जाऊन खा.

घाम म्हणजे चरबी. घाम म्हणजे पाणी. मे महिन्यात पंख्याखाली बसूनही घाम येतो, त्याने वजन उतरत असतं तर भुसावळात एकही जाडा माणूस सापडला नसता. प्लास्टिकचं जॅकेट घालून पळणं, पोटाला घामाचा पट्टा बांधणं याने चरबी जात नाही, उष्माघाताचा धोका मात्र वाढतो. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते हे पण खरं नाही, चरबी सगळीकडून उतरते आणि कुठून आधी ते शरीर ठरवतं.

उपाशीपोटीच चाललं पाहिजे. दीर्घकाळात त्याने वजनात फरक पडत नाही, एकूण हिशोब सारखाच. उपाशीपोटी बरं वाटत असेल तर जा, चक्कर येत असेल तर अर्धं केळं खाऊन जा. शुगरची औषधं चालू असतील तर हा प्रयोग नको.

आणि "आम्ही शेतात राबतो, आम्हाला कार्डिओ कशाला" हे. खरंच राबत असाल तर नको, वखर-फवारणी-वेचणीच्या दिवसांत ते काम मिनिटांत धरा. पण हिशोब प्रामाणिक ठेवा, ट्रॅक्टर आला, मळ्यापर्यंत मोटरसायकल आली, आणि बांधावर उभं राहून मजुरांना सांगणं हा व्यायाम नाही.

बायकांबद्दल वेगळं लिहितो कारण अडचण वेगळी असते. सकाळी सहाला डबे, पाणी भरणं, पोरांची शाळा, तेव्हा ट्रॅकवर जायला कुणाला जमणार? ४५ मिनिटं एका दमात पाहिजेत असा नियम नाही. सकाळी १५, दुपारी जेवणानंतर १०-१५, रात्री २० असं तुकड्यांत चालेल. जेवल्यानंतर चाललं तर शुगर पण कमी चढते. आणि पाळीच्या आसपास वजन किलोभर वर दिसतं, म्हणून या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करा.

थांबा: छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळीच धाप, डोळ्यापुढे अंधारी, ठोके वेडेवाकडे, यातलं काहीही झालं तर त्या क्षणी बसा आणि दवाखाना गाठा. "गॅस असेल" म्हणून सोडा पिऊन फेरी पूर्ण करायची नाही.

टप्पा ४: उन्हाळ्याची वेगळी व्यवस्था

पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलेले प्लॅन आपल्याकडे मार्चनंतर चालत नाहीत. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तिथे "संध्याकाळी सहाला वॉक" म्हणजे तापलेल्या तव्यावरून वॉक. डांबर आणि भिंती रात्रीपर्यंत ऊन ओकत असतात.

पहाटे साडेपाचला बाहेर, सातच्या आत घरात. निघायच्या अर्धा तास आधी एक-दोन ग्लास पाणी. तासाच्या आत चालणं असेल तर साधं पाणी पुरतं, गोड एनर्जी ड्रिंकची काही गरज नाही, त्यात चालून जाळलेलं परत भरून येतं. घाम फार जात असेल तर मीठ-लिंबू पाणी किंवा ताक, बीपीवाल्यांनी मीठ जपून.

पहिल्यांदा ऊन वाढतं ना त्या दहा-पंधरा दिवसांत वेग आणि मिनिटं दोन्ही कमी करा, शरीराला उष्णतेची सवय लागायला एक ते दोन आठवडे लागतात. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे आले तर सावलीत बसा, अंग ओलं करा. माणूस बरळायला लागला किंवा बेशुद्ध व्हायला लागला तर तो उष्माघात, अंगावर पाणी ओतत ओतत दवाखान्यात न्या, वाट बघू नका.

अगदीच बाहेर पडणं होत नसेल तर घरात जागेवर चालणं, जिना वर-खाली, जुनी सायकल स्टँडवर लावून पायडल मारणं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण एप्रिल ते जून पूर्ण सुट्टी घेतली की मधल्या काळात आखाजी (अक्षय तृतीया), आमरस, लग्नाच्या पंगती हे सगळं येतं, आणि जूनमध्ये माणूस होता तिथे परत.

टप्पा ५: वेग आणि ताकद (दहावा आठवडा पुढे)

४५ मिनिटं पाच दिवस बिनबोभाट जमायला लागली की मगच हे. पाचपैकी दोन दिवस मध्ये झटके घाला: दोन मिनिटं इतकं जोरात की बोलणं तुटेल, मग तीन मिनिटं नेहमीचा वेग, असं पाच वेळा. ज्यांना पळायचंय त्यांनी ते दोन मिनिटांचं पळणं इथे आणायचं. धुळेकरांना रविवारी लळिंगचा किल्ला आहेच, फक्त उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, सावकाश उतरा. ट्रेडमिलवर "फॅट बर्निंग झोन" लिहिलेला असतो त्याच्या नादी लागू नका, हळू चालताना जळणाऱ्यात चरबीचा टक्का जास्त असतो पण एकूण जळतंच कमी.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला टेकून दंड, पाठीवर झोपून कंबर उचलणं, पाण्याने भरलेले कॅन दोन्ही हातात धरून अंगणात फेऱ्या. प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या. नुसता कार्डिओ आणि कमी जेवण यावर वजन उतरवलं की चरबीसोबत स्नायूही बऱ्यापैकी जातात, चेहरा ओढल्यासारखा होतो, "आजारी होता का भाऊ" असं गावात विचारायला लागतात. पुढे वजन परत आलं की ते बहुतेक चरबीच्या रूपात येतं. ताकदीचे व्यायाम त्यासाठी.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस पण हीच आहे, मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम.

टप्पा ६: काटा अडकला तर

अडकणारच. ८५ चा माणूस ७५ वर आला की तेच चालणं त्याच वेगाने केलं तरी १२ टक्क्यांच्या आसपास कमी कॅलरी जळतात, कारण वाहून न्यायचं अंगच हलकं झालं. वर शरीर स्वतः पण खर्च थोडा आखडतं, आणि भूक वाढवतं.

वजन चार आठवडे जागेवर असेल तरच अडकलं म्हणा, आठवड्याभरात नाही. मग या क्रमाने बघा: कंबर मोजा, ती कमी होत असेल तर काहीच करू नका, चाललंय. कंबरही थांबली असेल तर तीन दिवस खाल्लेलं सगळं लिहा, बायकोच्या ताटातला घास आणि देवळातला प्रसाद धरून. मग दिवसाची पावलं. खाणं आणि पावलं दोन्ही नीट असतील तरच चालण्याची १० मिनिटं वाढवा. लोक उलटं करतात, आधी चालणं दुप्पट करतात, मग भूक दुप्पट होते.

तपासा: सहा महिन्यांत सुरुवातीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तर ते उत्तम आहे, बीपी-शुगरमध्ये एवढ्यानेच फरक दिसायला लागतो. ९० किलोवाल्याने ८२-८३ ला पोचून "अजून ६५ झालं नाही" म्हणून रडू नये. आणि बीपी-शुगरच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा.

टप्पा ७: वजन उतरलं, आता मिनिटं वाढवा

हो, वाढवा. इथपर्यंत आलेली बरीच मंडळी इथेच संपतात. मुलाचं लग्न झालं, फोटो छान आले, मिशन कम्प्लीट.

कारण सरळ आहे. उतरवताना तुम्ही ताटात तूट ठेवली होती, ती आयुष्यभर कुणी ठेवू शकत नाही आणि ठेवूही नये. ताट थोडं सैल होणारच. पण ७५ किलोच्या अंगाला ८५ किलोच्या अंगाइतकं जेवण लागत नाही आणि भूक मात्र जुनीच आहे. हा जो फरक उरतो तो चालण्याने भरायचा. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या तज्ज्ञांच्या संघटनेने २००९ साली जे मत मांडलं त्यात आठवड्याला १५० ते २५० मिनिटांनी वजन वाढणं रोखता येतं आणि उतरलेलं टिकवायला २५० मिनिटांच्या वर जायला लागतं असंच म्हटलंय. तिकडेच १९९४ पासून नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री नावाची नोंदवही आहे, किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्या लोकांची. त्यातले बहुतेक जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, जास्त करून चालणंच, आणि चारातले तीन जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. ही नोंदवही आपणहून नाव दिलेल्यांची आहे, त्यामुळे तासभर चाललं की टिकणारच असा अर्थ काढू नका, पण टिकवणारे काय करतात ते दिसतं.

म्हणजे आपल्या भाषेत: ५० ते ६० मिनिटं, पाच-सहा दिवस. एका दमात नाही, सकाळी ४० आणि रात्री जेवणानंतर २०. ताट एकदम सोडायचं नाही, दर पंधरा दिवसांनी अर्धी भाकरी किंवा तेवढ्याच कॅलरीचं काहीतरी वाढवत जायचं आणि काटा कुठे हलायला लागतो ते बघायचं.

एक वरची रेषा ठरवा. तुमचं टिकवायचं वजन ७५ असेल तर ७७. आठवड्यातून एकदा वजन करा, सलग दोन आठवडे ७७ च्या वर दिसलं की दुसऱ्या दिवसापासून टप्पा २ चं ताट परत सुरू, काटा ७५ ला येईपर्यंत. दोन किलो उतरवायला दीड-दोन महिने लागतात, दहा किलो परत चढल्यावर मात्र कुणाला जोर राहत नाही.

सणवाराचं आधीच ठरवून ठेवा. कानबाईचे रोट, पुरणाचे मांडे, लग्नात "अजून एक बट्टी घ्या ना भाऊ" म्हणून वाढणारे, हे टळणार नाही आणि टाळूही नका. त्या आठवड्यात बाकीची जेवणं हलकी ठेवा आणि चालणं एकही दिवस सोडू नका. काल जास्त खाल्लं म्हणून आज दोन तास पळणं हा प्रकार नको, त्याने पाय दुखावतो आणि चार दिवसांचं चालणं जातं.

खंड पडला तर? आजारपण, पेरणी, नातेवाइकांचं काही, पडतोच. आठवड्याच्या आतला खंड असेल तर होता तिथून सुरू करा. दोन-तीन आठवडे गेले असतील तर निम्म्या मिनिटांनी सुरू करून दर आठवड्याला १० मिनिटं वाढवत जुन्या आकड्यावर या. दोन महिन्यांच्या वर गेले असतील, किंवा मध्ये ताप-टायफॉइड, ऑपरेशन असं काही झालं असेल तर डॉक्टरला विचारून सरळ टप्पा ३ च्या २० मिनिटांपासून, आणि पहिल्या दिवशी घरातून निघायच्या आधी कंबर परत मोजून लिहून ठेवा.